उपमान कोणाच्या परिसरातले? : प्राथमिक शाळेतील अलंकारशिक्षण आणि मालवणी बोली

प्राथमिक शाळेतील मुलांना भाषेचे आलंकारिक रूप कसे शिकवावे, हा प्रश्न मराठीच्या विद्यापीठीय अभ्यासकाला सहसा आपल्या कक्षेतला वाटत नाही. तो अध्यापक विद्यालयांचा, फार तर पाठ्यपुस्तक मंडळाचा प्रश्न मानला जातो. पदव्युत्तर वर्गात भामह, दंडी, वामन, मम्मट यांची मते क्रमाने सांगितली जातात, अलंकारांच्या व्याख्या उतरवून घेतल्या जातात आणि परीक्षेत विद्यार्थी उपमेचे उदाहरण म्हणून पुन्हा मुख आणि चंद्र यांचीच जोडी लिहितो. हा विद्यार्थी मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेला असला, तरी त्याच्या उत्तरपत्रिकेत समुद्र येत नाही. माड येत नाही, होडी येत नाही, जाळे येत नाही. वयाच्या बाविसाव्या वर्षी ज्याला स्वतःच्या बोलण्यातील उपमा ओळखता येत नाही, त्याची ही असमर्थता महाविद्यालयात निर्माण झालेली नसते. तिचे मूळ तिसरी-चौथीच्या वर्गात शोधावे लागते.

उपमा, उत्प्रेक्षा, रूपक ही नावे आपल्या शालेय अभ्यासक्रमात माध्यमिक टप्प्यावर येतात, हे खरे आहे. पण म्हणून प्राथमिक शाळेत आलंकारिक भाषा शिकवलीच जात नाही, असे समजणे चुकीचे ठरेल. ती तेथे दुसऱ्या दाराने येते. म्हणी, वाक्प्रचार आणि ‘आलंकारिक शब्द’ या नावाची एक यादी, अशी तिची तीन रूपे आहेत. शिष्यवृत्ती परीक्षा चौथीला असो वा पाचवीला, तिच्या तयारीच्या पुस्तकांत ही यादी हटकून असते. डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला अर्थ. शेंदाड शिपाई म्हणजे भित्रा मनुष्य. उंटावरचा शहाणा म्हणजे मूर्खपणाचा सल्ला देणारा. गुळाचा गणपती म्हणजे मंद बुद्धीचा. अकरावा रुद्र म्हणजे अतिशय तापट. मुले ही यादी पाढ्यांप्रमाणे पाठ करतात आणि जोड्या अचूक लावतात. शिपायाला शेंदाड का म्हटले, हा प्रश्न मूल विचारत नाही आणि शिक्षकही विचारत नाही. शेंदाड हे काकडीच्या जातीचे, देशावरच्या शेतांतून होणारे फळ. मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यातील मुलाने ते पाहिलेले असण्याचा संभव फार कमी. पाहिलेच नाही, तर त्याचा मऊपणा आणि शिपायाचा भेकडपणा यांतील साम्य त्याला कळणार कसे? त्याच्या लेखी ‘शेंदाड शिपाई’ हा आलंकारिक शब्द उरत नाही. तो ‘भित्रा’ याला दिलेला एक अवघड प्रतिशब्द होतो. अलंकार शिकवण्याच्या नावाखाली येथे नेमका अलंकारच वजा झालेला असतो.

अर्थात, यात केवळ किनारपट्टीवरील मुलाचीच हानी होते असे नाही. पुण्या-मुंबईतील मुलानेही शेंदाड पाहिलेले नसते. पण शहरातील मुलाच्या घरात बहुधा तीच प्रमाणभाषा बोलली जाते आणि तिच्यातील इतर जिवंत लक्षणा त्याच्या कानांवर पडत असतात. मालवणी मुलाची स्थिती निराळी आहे. त्याच्या कानांवर घरी जी आलंकारिक भाषा पडते ती शाळेत चालत नाही आणि शाळेत जी चालते ती त्याच्या अनुभवात नाही.

या प्रश्नाचा विचार अलंकारशास्त्राच्याच अंगाने केला, तर एक गमतीची गोष्ट आढळते. उपमान हे उपमेयापेक्षा गुणाने अधिक आणि लोकांत प्रसिद्ध असावे, ही उपमेविषयीची जुनी अपेक्षा आहे. वामनाने उपमेचे दोष सांगताना हीनत्व, अधिकत्व, असादृश्य, असंभव अशा प्रकारांची चर्चा केली, ती याच जाणिवेतून. परंतु ‘प्रसिद्ध’ म्हणजे कोणात प्रसिद्ध? संस्कृत कवींच्या रसिकवर्गात जी उपमाने प्रसिद्ध होती ती कविसंकेतांनी प्रसिद्ध केलेली होती. चकोर चांदणे पितो हे कोणी पाहिले नव्हते. पण ते सर्वांना ठाऊक होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाजवळ असा संकेतांचा साठा नसतो. त्याच्या दृष्टीने प्रसिद्ध ते, जे त्याने डोळ्यांनी पाहिले, हातांनी हाताळले किंवा घरात वारंवार ऐकले. या कसोटीवर पाहिले, तर आपली यादी अप्रसिद्ध उपमानांनी भरलेली आहे. शिक्षकाला मग आधी उपमान समजावून सांगावे लागते आणि त्यासाठी तो उपमेयाचाच आधार घेतो. मुखावरून कमळ आणि भित्र्या माणसावरून शेंदाड अशी ही उलटी गंगा वाहते. शास्त्रात उपमेय-उपमानांच्या अशा उलटापालटीला ‘प्रतीप’ म्हणतात. पण तेथे कवीची इच्छा असते, येथे केवळ निरुपाय.

उलट, मराठीच्या परंपरेत उपमानाची निवड श्रोत्याच्या अंगणातून करण्याचा फार मोठा आदर्श आहे. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत तत्त्वज्ञानाचा अवघडातला अवघड भाग शेत, पाणी, दिवा, स्वयंपाक, आई आणि मूल यांच्या दृष्टान्तांनी सांगितलेला आहे. ज्ञानेश्वरांच्या उपमासौंदर्यावर आपल्याकडे प्रबंध झाले. पण ते सौंदर्य ज्या अध्यापनदृष्टीतून आले, ती दृष्टी प्राथमिक शिक्षकापर्यंत पोचवावी असे कोणत्या प्रबंधाच्या उपसंहारात सुचवलेले सहसा आढळत नाही.

आता मालवणी मुलाजवळ काय आहे ते पाहू. कुडाळ-मालवण परिसरातील या बोलीची दखल ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात (१९०५) ‘कुडाळी’ या नावाने घेतलेली आहे. पुढे १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला आणि मालवणीला एक प्रशासकीय चौकट मिळाल्यासारखे झाले. या बोलीत वाढणारे मूल शाळेत येते तेव्हा ते आलंकारिक भाषेच्या बाबतीत कोरे नसते. समुद्राच्या ओहोटीला ते ‘सुकती’ म्हणते. भरणे आणि सुकणे या घरातल्या भांड्याच्या किंवा अंगणातल्या डबक्याच्या क्रिया. त्या अथांग समुद्राला लावून बोलीने केव्हाच एक रूपक करून ठेवले आहे. एखाद्याचे घर किनाऱ्यावर असेल, तर ‘तेंचा घर दर्यार आसा’ असे सहज म्हटले जाते. दर्यावर घर असू शकत नाही. मुख्यार्थाचा बाध होतो आणि सामीप्यसंबंधाने तीर हा अर्थ घेतला जातो. लक्षणेच्या विवेचनात आपण पिढ्यान्‌पिढ्या गंगेवरच्या गवळीवाडीचे जे उदाहरण देत आलो, त्याची ही हुबेहूब मालवणी आवृत्ती आहे. एम.ए.च्या वर्गात ज्या उदाहरणावर एक तासिका खर्च होते, ते चार वर्षांच्या मुलाच्या तोंडी असते. मात्र तसे त्याला कोणी कधी सांगत नाही.

म्हणींचेही तसेच. प्रमाण मराठीत ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’. मालवणीत ती ‘वयपर्यंत’. वय म्हणजे काट्याकुट्यांचे गडग्यालगतचे कुंपण. येथे शब्द बदलला, चित्र तेच राहिले. पण ‘चुकलेला फकीर मशिदीत’ या म्हणीच्या जागी मालवण तालुक्यात ‘चुकला ढोर धामापूरच्या तळ्यार’ असे म्हणतात, तेव्हा चित्रच पालटते. धामापूरचा तलाव इ.स. १५३० च्या सुमारास बांधला गेला असे मानतात. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने जागतिक वारसा सिंचन स्थळांत त्याचा समावेश केला. हरवलेले गुरू कोठे सापडेल, तर जेथे बारमाही पाणी आहे तेथे. या म्हणीत एका तलावाचा इतिहास आहे, उन्हाळ्यातील पाणीटंचाईचे वास्तव आहे आणि गुरे राखणाऱ्याचा अनुभव आहे. शाळेतील जोड्या लावण्याच्या प्रश्नात मात्र तिला जागा नाही. तेथे फकीरच हवा.

चंद्राचेही उदाहरण घेण्याजोगे आहे. काव्यातील चंद्र शीतल, आल्हाददायक आणि मुखाचे उपमान होणारा. किनाऱ्यावरील मासेमारी करणाऱ्या घरात चंद्राचा संबंध प्रथम पाण्याशी येतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे गणित मोठ्यांच्या बोलण्यातून मुलाच्या कानांवर पडत असते. अशा मुलाला चंद्र कोणासारखा आहे असे विचारले, तर तो सुंदर मुखापेक्षा पाणी ओढून घेणाऱ्या एखाद्या बलवान माणसासारखा वाटण्याचा संभव अधिक. हे उत्तर चूक म्हणायचे काय? कविसंकेताच्या दृष्टीने ते अपरिचित आहे. पण साधर्म्याच्या दृष्टीने ते मुखचंद्रापेक्षा अधिक नेमके आहे, कारण त्यामागे निरीक्षण आहे.

सर्वांत बोलके उदाहरण दशावताराचे. रूपक या अलंकाराची व्याख्या सांगताना आपण ‘आरोप’ हा शब्द वापरतो: उपमेयावर उपमानाचे रूप आरोपित करणे. हाच ‘रूपक’ शब्द नाट्यवाचकही आहे. नटावर पात्राच्या रूपाचा आरोप होतो म्हणून नाट्याला रूपक म्हणतात, असे शास्त्रकार सांगतात आणि धनंजयाच्या दहाव्या शतकातील ग्रंथाचे नावच ‘दशरूपक’ आहे. दक्षिण कोकणातील जत्रांतून रात्रभर चालणाऱ्या दशावतारात देखाव्यांचा पसारा नसतो. मांडावर एक बाकडे असते. राजा बसला की ते सिंहासन होते, प्रसंग बदलला की तेच शिळा होते, पर्वत होते. आवशी-बापसाच्या मांडीवर बसून हे पाहणाऱ्या मुलाला बाकडे हे बाकडेच आहे हेही ठाऊक असते आणि त्या घटकेला ते सिंहासन आहे हेही. भेद न विसरता अभेद मानणे, ही रूपकाची संपूर्ण मनोभूमी त्याच्या ठायी तयार आहे. शाळेत तेच मूल पुढे ‘उपमेय व उपमान यांच्यात एकरूपता असते तेव्हा रूपक अलंकार होतो’ हे वाक्य पाठ करते आणि मांडावरच्या बाकड्याशी त्याचा काही संबंध आहे असा संशयही त्याला येत नाही.

मुलांच्या भाषाविकासाच्या अभ्यासातून या संदर्भात जे हाती आले आहे, तेही लक्षात घेण्यासारखे आहे. शाळेत जाण्यापूर्वीच्या वयात मुले विपुल आणि अनेकदा थक्क करणाऱ्या तुलना करतात, हे रशियन बालसाहित्यकार कॉर्ने चुकोव्हस्की यांनी दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या बोलण्याचा संग्रह करून दाखवून दिले. हॉवर्ड गार्डनर, एलन विनर प्रभृतींनी १९७० नंतरच्या दशकांत असे निरीक्षण मांडले, की शाळेच्या पहिल्या काही वर्षांत ही निर्मिती ओसरते आणि मूल शब्दाला त्याच्या वाच्यार्थाशी घट्ट बांधू लागते. सॉलोमन ॲश आणि हॅरिएट नेरलोव्ह यांचा १९६० मधील अभ्यास आणखी सूक्ष्म आहे. गोड, थंड, कठीण असे शब्द वस्तूला लागतात तसे माणसालाही लागतात; लहान मुलांना त्यांचा फक्त पहिला अर्थ ठाऊक असतो, मग ते दुसराही अर्थ वापरू लागतात, पण दोहोंत काही नाते आहे हे त्यांच्या लक्षात यायला आणखी काही वर्षे जावी लागतात. हे संशोधन परदेशी मुलांवरचे आहे आणि ते जसेच्या तसे आपल्या वर्गांना लावणे धाडसाचे होईल. तरी एक दिशा त्यातून मिळते. तिसरी ते पाचवी हा काळ व्याख्या देण्याचा नसून ‘हे दोन अर्थ एकमेकांना कोठे भेटतात’ असे विचारण्याचा आहे. नेमक्या याच काळात मूल वाच्यार्थाकडे झुकत असते आणि नेमक्या याच काळात आपण त्याच्या हाती दोन रकान्यांची यादी देतो. वाच्यार्थाकडे झुकणाऱ्या मनाला हे दिलेले आणखी एक वजनच.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे: बोलीला वर्गात मोकळीक दिली, तर प्रमाणभाषा कच्ची राहील. हा आक्षेप पालकांकडून येतो आणि त्यामागील काळजी खरी असते. मालवणी मुलाला उद्या मुंबईत नोकरी शोधायची आहे, परीक्षा द्यायच्या आहेत. धामापूरच्या ढोरावर त्याचे भागणार नाही. तथापि, प्रस्तुत बाबतीत बोली आणि प्रमाण यांतील अंतर हेच शिकवण्याचे उत्तम साधन आहे, हे विसरले जाते. ‘चुकला ढोर’ आणि ‘चुकलेला फकीर’ या दोन म्हणी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या, तर एकच धर्म दोन भिन्न चित्रांतून कसा प्रकटतो हे मुलाला दिसते. चित्र बदलते, आशय टिकतो, ही जाणीव झाली की अलंकाराचे मर्म हाती आले. केवळ प्रमाणभाषा शिकणाऱ्या मुलाला ही तुलना उपलब्धच नसते. म्हणजे ज्याला आपण मालवणी मुलाची अडचण समजतो, ती येथे त्याची जमेची बाजू ठरू शकते. फकीर त्याला शिकवायचाच आहे. फक्त ढोराला हाकलून नव्हे.

आणखी एक अडसर आहे आणि तो परीक्षेपेक्षा चिवट आहे. गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ने आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाने १९८० नंतर मालवणीला महाराष्ट्रभर मान मिळवून दिला, ही गोष्ट निर्विवाद. पण त्या यशाची एक बाजू अशी, की मालवणी ही हसण्याची भाषा ठरली. वर्गात कोणी मालवणी शब्द उच्चारला की आजही प्रथम हशा पिकतो आणि हसणारी मुले मालवणीच बोलणारी असतात. शिक्षकही त्या हशात सामील झाला, की त्या मुलाची तुलना तेथेच संपते. तिच्यात काय पाहिले होते हे कोणी विचारत नाही. गाऱ्हाण्यातील धीरगंभीर, लयबद्ध मालवणी याच मुलांनी देवळात ऐकलेली असते. ती ऐकताना कोणी हसत नाही. बोलीचा हा दुसरा स्वर वर्गात आणणे हे विनोदी मालवणी आणण्यापेक्षा अधिक अवघड आणि अधिक आवश्यक आहे.

यावर उपाय म्हणून मालवणीत एक स्वतंत्र पाठ्यपुस्तक करावे, जिल्ह्यापुरती म्हणींची आणि आलंकारिक शब्दांची यादी तयार करावी, अशी सूचना अधूनमधून होते. ती सद्‌हेतूची असली तरी स्वीकारण्यासारखी वाटत नाही. सिंधुदुर्गात आठ तालुके आहेत. आंबोली घाटाच्या आसपासच्या किंवा वैभववाडीच्या डोंगरपायथ्याच्या मुलाला उधाण आणि भांग तितकेच परके आहेत जितके किनाऱ्यावरच्या मुलाला शेंदाड. खुद्द मालवण शहरातही गाबीत वस्तीतील मुलाचे बोलणे आणि बाजारपेठेतील मुलाचे बोलणे यांत फरक असतो. शिवाय कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुले त्याच बाकांवर बसलेली असतात. जिल्ह्याची यादी केली, तर राज्याच्या यादीने केलेली चूकच लहान प्रमाणावर पुन्हा होईल. ‘शेंदाड शिपाई’च्या जागी समुद्रातला एखादा मासा येईल आणि दोडामार्गच्या मुलाला तो पाठ करावा लागेल. दोष यादीत कोणते शब्द आहेत यात नसून यादी असण्यात आहे.

बदल हवा तो विचारण्याच्या पद्धतीत. मम्मटाने उपमेची व्याख्या करताना साधर्म्याबरोबर भेदाचीही अट घातली आहे. दोन वस्तू भिन्न असल्या पाहिजेत आणि तरी त्यांच्यात समान धर्म असला पाहिजे. या अटीतून वर्गात विचारण्याजोगे तीन साधे प्रश्न निघतात: कशाला कशासारखे म्हटले, दोहोंत सारखे काय आणि सारखे नाही काय. तिसरा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ कधीच विचारला जात नाही. वास्तविक, तोच मुलाला विचार करायला लावतो. उदाहरणादाखल ‘एसटी रापणीसारखी भरली’ असे एखाद्या मुलाचे वाक्य कल्पिता येईल. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी अनेक माणसांनी ओढून घ्यायचे मोठे जाळे. सारखे काय, याचे पहिले उत्तर ‘गर्दी’ असे येईल. पण गर्दी तर पोत्यातही असते. मग रापणच का? तेव्हा लक्षात येते, की रापणीत एकाच जातीची मासळी येत नाही. बांगडा, तारली, कुर्ली, लहान-मोठे, हवे-नको ते सारे एकत्र येते. एसटीतही तसेच. सारखे काय नाही, असे विचारले की वर्गातले दुसरे एखादे मूल सांगेल, की रापणीतले मासे आपणहून चढलेले नसतात. एवढी चर्चा झाली म्हणजे साधारण धर्म ही संज्ञा न उच्चारता साधारण धर्म शिकवून झाला.

येथे एक अशी गोष्ट नोंदवावीशी वाटते, जिच्याकडे एरवी केवळ तक्रार म्हणून पाहिले जाते. सिंधुदुर्गातील जिल्हा परिषदेच्या शाळांत घाटमाथ्यापलीकडून, मराठवाड्यातून, सोलापूर-सांगलीकडून आलेले शिक्षक वर्षानुवर्षे काम करीत आले आहेत. त्यांना मुलांची भाषा कळत नाही, ही तक्रार रास्त आहे. परंतु अलंकारशिक्षणाच्या बाबतीत हे अज्ञान उपयोगी पडू शकते. ज्या शिक्षकाने रापण पाहिलेली नाही, तो ‘रापण म्हणजे काय?’ असे विचारतो तेव्हा त्याचा प्रश्न खरा असतो. एरवी वर्गातील बहुतेक प्रश्नांची उत्तरे विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असतात आणि ते मुलांनाही ठाऊक असते. येथे मुलाला न जाणणाऱ्या माणसाला सांगावे लागते. आणि उपमान उलगडून सांगताना त्याचा कोणता गुण आपल्या तुलनेला लागतो, कोणता लागत नाही, हे त्याला आपोआप निवडावे लागते. पुढे तो शिक्षक आपल्या गावच्या खळ्याचे किंवा आठवडे बाजाराचे उपमान त्याच गर्दीसाठी देऊ शकतो. ज्वारीचे खळे न पाहिलेल्या मुलांनी मग त्याला प्रश्न विचारावेत. अशा देवघेवीतून शेंदाडही एक दिवस वर्गात येईल. पण ते यादीतून न येता शेंदाड खाल्लेल्या माणसाच्या तोंडून येईल.

मुलाच्या परिसरातून आणि बोलीतून शिकवण्याचा हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी केलेले कार्य सर्वश्रुत आहे. युनेस्कोचा देशी भाषांतून शिक्षणाविषयीचा अहवाल १९५३ चा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही शक्यतोवर मातृभाषा हे माध्यम असावे असे म्हटलेले आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने घरच्या भाषेचा पुन्हा उल्लेख केला. धोरणांची वाण कधीच नव्हती. मात्र ‘घरची भाषा’ म्हणजे महाराष्ट्रात मराठी, एवढ्यावर हा विचार थांबतो. घरची मराठी आणि पुस्तकातली मराठी यांतील अंतर धोरणाच्या नजरेत मावत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाल्यानंतर झालेल्या लेखनातही भर होता तो प्राचीनतेच्या पुराव्यांवर. हे पुरावे महत्त्वाचे आहेतच. पण ‘सुकती’सारखा शब्द आणखी दोन पिढ्या टिकेल की नाही, हे शिलालेखांवर अवलंबून नाही.

या चर्चेतून बालकवितेला वगळता येणार नाही. विंदा करंदीकरांचा जन्म देवगड तालुक्यातील धालवलीचा, मंगेश पाडगावकरांचा वेंगुर्ल्याचा. ‘राणीची बाग’ (१९६१) किंवा ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) यांसारख्या संग्रहांतून मराठी मुलांच्या पिढ्यांनी अलंकारांचे नाव न घेता अलंकारांचा खेळ अनुभवला. ही कविता प्रमाण मराठीतील आहे. म्हणजे मालवणी मातीतला कवी प्रमाणभाषेत येताना आपली कल्पकता मागे ठेवून येतो असे नाही. शाळेने मात्र तीच कविता घेऊन तिच्याखाली ‘समानार्थी शब्द लिहा’ असा स्वाध्याय दिला, की ती यादीच्या पातळीवर उतरते.

राहता राहिला परीक्षेचा प्रश्न. मोकळ्या उत्तरांना गुण कसे द्यावेत, हजारो उत्तरपत्रिकांत एकवाक्यता कशी राखावी, ही शिक्षकांची अडचण खोटी नाही. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत ‘यांतील सारखेपणा कोणता?’ असा प्रश्न घालता येतो. ‘सारखे काय नाही?’ हा मात्र घालता येणे कठीण आहे. तो वर्गातील तोंडी कामातच राहील आणि राहू द्यावा. जे मोजता येत नाही ते शिकवायचेच नाही, असा नियम केल्यास भाषेच्या तासाला फारच थोडे उरेल.

विद्यापीठीय विभागांना यात करण्यासारखे काम आहे आणि ते त्यांच्याच क्षेत्रातले आहे. मालवणी म्हणी-वाक्प्रचारांचे संकलन हा लघुप्रबंधाचा नेहमीचा विषय. अशा संकलनांत म्हण, तिचा प्रमाण मराठीतील अर्थ आणि क्वचित समांतर म्हण एवढे दिलेले असते. म्हणजे तीही शेवटी दोन रकान्यांची यादीच असते. ती म्हण कोणी, कोणत्या प्रसंगी वापरली आणि ‘असे का म्हणतात?’ या प्रश्नाला त्या बोलणाऱ्याने काय उत्तर दिले, याची नोंद सहसा नसते. संकलकाने हा तिसरा रकाना ठेवला आणि माहितीदारांत केवळ वयोवृद्ध माणसे न घेता आठ-दहा वर्षांची मुलेही घेतली, तर प्राथमिक शिक्षकाला वापरता येईल असे काही प्रथमच त्या प्रबंधांतून बाहेर पडेल. धामापूरच्या तळ्यावर ढोर का सापडते, याचे उत्तर आज मालवण तालुक्यातील चौथीची किती मुले देऊ शकतील, हेही त्या निमित्ताने कळेल.